एनएमसी ८११: भट्टीचा प्रोग्राम तोच, मग प्रत्येक बॅच वेगळी का निघते?

एनएमसी ८११ म्हणजे निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट ८:१:१ प्रमाणात असलेला, लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडचा (धन इलेक्ट्रोडचा) पदार्थ. तो भट्टीत भाजून बनवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशी असते. प्रिकर्सर (तिन्ही धातूंचे मिश्र हायड्रॉक्साइड) तोच, लिथियम हायड्रॉक्साइडची बाटली तीच आणि भट्टीचा प्रोग्रामही अक्षरशः तोच. तरीही एका बॅचला ४.३ व्होल्टपर्यंत चार्ज करून २०० मिलीअँपिअर-तास प्रति ग्रॅमच्या आसपास क्षमता मिळते आणि पुढची बॅच १७५ वर अडकते. कधी क्षमता बरी असते, पण स्लरी (इलेक्ट्रोडचा लेप देण्यासाठी पावडर, बाइंडर आणि द्रावक यांचे मिश्रण) ढवळता ढवळता जेलीसारखी घट्ट होते. कधी पहिल्या चार्जला भरपूर लिथियम बाहेर येते आणि डिस्चार्जला त्यातले बरेचसे परत जात नाही. अशा वेळी बहुतेक जणांचा हात सगळ्यात आधी तापमानाच्या आकड्याकडे जातो: ‘नीट भाजले गेले नसेल, वीस अंश वाढवून बघू.’

निकेल जास्त असलेल्या थरदार कॅथोडसाठी हा उपाय बहुधा उलटा पडतो. माझे मत स्पष्ट आहे. कंट्रोलरच्या पडद्यावरचे तापमान ही शेवटी बदलायची गोष्ट आहे. पावडरच्या कणाला प्रत्यक्षात किती ऑक्सिजन, किती लिथियम आणि किती उष्णता मिळाली, हे आधी तपासायला हवे. बॅच बदलते ती याच तीन गोष्टींमुळे आणि यातली एकही कंट्रोलरवर दिसत नाही.

भट्टीत नेमके काय घडायला हवे

प्रिकर्सरमध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट तिन्ही धातू साधारण +२ या ऑक्सिडेशन अवस्थेत असतात. तयार पदार्थात मँगनीज +४, कोबाल्ट +३ आणि निकेल काही +२, काही +३ असते. प्रत्येक +४ मँगनीजमागे एक निकेल +२ राहू शकते, कारण सरासरी +३ जुळायला हवी. एनएमसी १११ मध्ये मँगनीज आणि निकेल समसमान असतात, त्यामुळे तिथे जवळपास सगळे निकेल +२ वरच राहते. म्हणून तो पदार्थ साध्या हवेत ९०० अंश सेल्सिअसच्या वर भाजला तरी चालतो. ६२२ मध्ये दोन तृतीयांश निकेल +३ व्हावे लागते. ८११ मध्ये आठातले सात भाग.

अडचण नेमकी इथे आहे. निकेलला +३ व्हायला फारसे आवडत नाही आणि तापमान वाढेल तसे ते आणखी नाखूश होते. पुरेसा ऑक्सिजन नसेल किंवा उष्णता जास्त झाली तर ते +२ वर थांबते. +२ निकेलची त्रिज्या ०.६९ अँगस्ट्रॉम आणि लिथियमची ०.७६. आकार इतके जवळचे असल्यामुळे निकेल लिथियमच्या थरात जाऊन बसते. +३ निकेल ०.५६ चे असते, त्याला हे तितके सहज जमत नाही. लिथियमच्या थरात बसलेले निकेल चार्जच्या वेळी ऑक्सिडाइझ होऊन आकसते, भोवतीचा थर आवळला जातो आणि बाहेर पडलेल्या लिथियमला परत शिरायला जागा उरत नाही. पहिल्या सायकलची कार्यक्षमता खालावण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

दुसऱ्या बाजूने, तापमान फारच कमी ठेवले तर थर नीट लागत नाहीत. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. ८०० ते ९०० अंशांवर त्याची सुरेख थरदार रचना तयार होते. तोच पदार्थ ४०० अंशांवर बनवला तर धातू आणि लिथियम एकमेकांत मिसळलेली, स्पिनेलशी (थरांऐवजी घनाकार असलेल्या एका स्फटिकरचनेशी) नाते सांगणारी रचना मिळते आणि व्होल्टेजही खाली येते. रासायनिक सूत्र तेच, बॅटरीतली वागणूक वेगळी. म्हणजे प्रत्येक रचनेला एक तापमानाची खिडकी असते. १११ साठी ती रुंद आहे. ८११ साठी ती साधारण ७५० ते ८०० अंशांत बसते आणि शुद्ध लिथियम निकेल ऑक्साइडसाठी ७०० च्या आसपास येते. निकेल वाढत जाते तशी ही खिडकी खाली सरकते आणि अरुंद होते. १११ ला दहा-वीस अंशांची चूक पचते, ८११ ला पचत नाही.

आधी बिघाडाची जात ओळखा

काहीही बदलण्याआधी बिघडलेल्या बॅचची थोडी पावडर आणि जुन्या चांगल्या बॅचची पावडर एकाच दिवशी, एकाच पद्धतीने तपासा. एकटी बिघडलेली पावडर फारसे काही सांगत नाही. फरक सांगतो.

एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) कॉपरच्या किरणांनी १८.७ अंशांजवळ (००३) आणि ४४.४ अंशांजवळ (१०४) अशी दोन शिखरे दिसतात; कंसातले आकडे ही स्फटिकातल्या प्रतलांची नावे. (००३) ची तीव्रता (१०४) च्या किमान १.२ पट असावी, असा ढोबळ नियम सगळे वापरतात. तो वापरा, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. पावडर होल्डरमध्ये काचेने दाबून गुळगुळीत केली की चपटे कण आडवे बसतात आणि (००३) उगाच वाढते. दोन विद्यार्थ्यांनी भरलेल्या एकाच पावडरचे गुणोत्तर वेगळे येऊ शकते. शक्य असेल तर रिटव्हेल्ड पद्धतीने (पूर्ण एक्सआरडी आलेखाशी रचनेचे गणित जुळवून) लिथियमच्या जागेवरचे निकेल किती, ते काढा. चांगल्या ८११ मध्ये ते साधारण २ ते ४ टक्के असते. त्याबरोबर ६५ अंशांजवळची (१०८) आणि (११०) ही जोडी नीट वेगळी झाली आहे का ते पाहा. जोडी चिकटलेली असेल तर थर अजून लागलेलेच नाहीत. आणि २१.३, ३०.६, ३१.८ अंशांवर बारीक शिखरे दिसली तर लिथियम कार्बोनेट उरले आहे.

स्फटिकाच्या जाळीची लांबी-रुंदीही बोलकी असते. पूर्ण घनाकार मिसळलेल्या रचनेत सी (थरांना काटकोनातली लांबी) आणि ए (थरातली लांबी) यांचे गुणोत्तर ४.९० येते. ८११ साठी ते ४.९४ च्या आसपास असायला हवे. वर सांगितलेल्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमध्ये ४०० अंशांवर ४.९० आणि उच्च तापमानावर ४.९९ मिळते. बॅचगणिक हा आकडा ४.९० कडे सरकत असेल, तर क्षमता मोजण्याआधीच तुम्हाला उत्तर मिळाले आहे.

दुसरी चाचणी साध्या ब्युरेटने होते. ठरलेल्या वजनाची पावडर ठरलेल्या पाण्यात ठरलेली मिनिटे ढवळा, गाळा आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन करा. पीएच ८.३ च्या आसपास पहिला टप्पा येतो, ४.५ च्या आसपास दुसरा. सुरुवातीपासून दुसऱ्या टप्प्यापर्यंतच्या एकूण आम्लातून पहिल्या टप्प्यापर्यंतचे आम्ल वजा केले की कार्बोनेट कळते. पहिल्या टप्प्याच्या दुपटीतून एकूण वजा केले की हायड्रॉक्साइड. ढवळण्याची वेळ मात्र काटेकोरपणे एकच ठेवा. पाणी जास्त वेळ राहिले तर ते जाळीतलेही लिथियम ओढून काढते आणि तुम्ही पृष्ठभागावरच्या लिथियमच्या नावाखाली भलतेच मोजता.

या दोन चाचण्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा कणांचा आकार एकत्र ठेवले की चार चेहरे वेगळे दिसू लागतात.

शिखरे रुंद, (१०८) व (११०) ची जोडी धूसर, प्राथमिक कण (ज्यांचे गोळे म्हणजे दुय्यम कण) अगदी बारीक आणि उरलेले हायड्रॉक्साइड भरपूर, तर पावडर खरोखर कमी भाजली गेली आहे. तापमान किंवा वेळ वाढवण्याची गरज फक्त याच प्रकरणात असते. शिखरे टोकदार, प्राथमिक कण नेहमीपेक्षा ठळकपणे मोठे, पण (००३) चे गुणोत्तर पडलेले, तर जास्त भाजली गेली. गुणोत्तर पडलेले, उरलेले लिथियम नगण्य आणि कणांचा आकार नेहमीचाच, तर लिथियम कमी पडले.

चौथा चेहरा सगळ्यात जास्त फसवतो. शिखरे टोकदार, कण नेहमीच्या आकाराचे, गुणोत्तर पडलेले आणि उरलेले लिथियम मात्र जास्त. लिथियम समोर आहे, उष्णताही मिळाली आहे, तरी ते जाळीत शिरले नाही. कारण त्याच्यासाठी जागा करायला निकेल +३ झालेच नाही. हा ऑक्सिजनचा उपास आहे. बहुतेक लोक यालाच कमी भाजणे समजून तापमान वाढवतात. मग निकेल आणखी +२ कडे ढकलले जाते, लिथियम उडून जाते आणि पुढची बॅच आधीपेक्षा वाईट निघते.

ऑक्सिजन: सिलिंडर उघडा असूनही उपास

‘आम्ही तर शुद्ध ऑक्सिजन सोडतो’ हे उत्तर लगेच येते. थोडा हिशेब करून पाहू.

१० ग्रॅम ८११ हायड्रॉक्साइड प्रिकर्सर म्हणजे सुमारे ०.१०८ मोल. लिथियमचे प्रमाण १.०३ (धातूंच्या एका मोलमागे १.०३ मोल) धरले तर ४.६८ ग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड मोनोहायड्रेट लागते. अभिक्रियेला लागणारा ऑक्सिजन ०.०२७ मोल, म्हणजे खोलीच्या तापमानाला जेमतेम पाऊण लिटरच्या आत. हे प्रमाण इतके किरकोळ आहे की सिलिंडरच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. पण त्याच वेळी पावडरमधून बाहेर पडणारे पाणी ०.२७ मोल असते. आत जाणाऱ्या ऑक्सिजनच्या दहापट वाफ बाहेर येते. खोलीच्या तापमानाच्या हिशेबाने साडेसहा लिटर आणि ७०० अंशांच्या पुढे तिचा फुगवटा त्याच्या तिप्पट.

या पाण्यातले मोनोहायड्रेटचे पाणी लवकर, दीडशे अंशांच्या आतबाहेर निघून जाते. धातूंच्या हायड्रॉक्साइडचे पाणी २५० ते ३०० अंशांच्या सुमारास. पण लिथियम हायड्रॉक्साइडच्या पोटातले शेवटचे पाणी निघते ते थेट निकेलशी अभिक्रिया होताना, म्हणजे नेमके ऑक्सिजनची गरज असते तेव्हा. त्या टप्प्यावर एक भाग ऑक्सिजन आत जाताना दोन भाग वाफ समोरून येत असते. मुशीत पावडरचा थर तीन सेंटिमीटर जाड असेल तर तळाच्या कणापर्यंत ऑक्सिजन कसा पोहोचणार? वरून वाहणारा वायू पावडरच्या पृष्ठभागावरून निघून जातो, आत शिरत नाही. प्रवाह दुप्पट केला तरी तळाला फरक जाणवत नाही. उलट जोराचा प्रवाह पृष्ठभागावरचे लिथियम हायड्रॉक्साइड वाफेच्या रूपात ओढून नेतो आणि वरचा थर लिथियमला मुकतो.

म्हणून थराची जाडी हा माझ्या यादीतला पहिला संशयित आहे. बॅच वाढवताना लोक मुशीचा आकार तोच ठेवून पावडर दुप्पट भरतात आणि रेसिपी ‘तीच’ आहे असे समजतात. ती तीच राहिलेली नसते.

याची खात्री करणे सोपे आहे. भाजून झालेली पावडर मुशीतून एकदम ओतू नका. वरचा, मधला आणि तळाचा भाग चमच्याने वेगळा काढा आणि तिन्हींचे एक्सआरडी व टायट्रेशन स्वतंत्र करा. वरचा थर चांगला आणि तळ बिघडलेला असेल तर प्रश्न ऑक्सिजनचा आहे. भट्टीच्या तापमानातला फरक असा वरून खाली क्वचितच पडतो, तो पुढून मागे पडतो. या एका चाचणीने महिनाभराचा अंधारातला शोध वाचू शकतो आणि ती इतकी क्वचित केली जाते याचे मला खरोखर वाईट वाटते.

उपायही फार महागडे नाहीत. उथळ, रुंद मूस घ्या आणि थर एक सेंटिमीटरच्या आत ठेवा. ४५० ते ५०० अंशांवर काही तासांचा मुक्काम ठेवा, म्हणजे बहुतेक पाणी आधी निघून जाईल. लिथियम हायड्रॉक्साइड याच सुमारास, ४६० अंशांच्या पुढे वितळते आणि सच्छिद्र दुय्यम कणांत झिरपते, तेही या मुक्कामात शांतपणे होते. चढण घाईची असेल तर वितळलेले लिथियम तळाकडे उतरून साचण्याचा धोका असतो. शक्य असेल तर या मुक्कामानंतर भट्टी थंड करून पावडर पुन्हा खलात मोकळी करा आणि मग अंतिम भाजणीला ठेवा. वेळ लागतो, पण बॅचमधला फरक त्याने जेवढा कमी होतो तेवढा दुसऱ्या कशानेही होत नाही.

झाकणाबद्दल एक गोष्ट. लिथियम उडू नये म्हणून काही जण मुशीवर झाकण ठेवतात. १११ साठी ते चालते. ८११ साठी झाकण म्हणजे वाफ आत कोंडणे.

लिथियम कार्बोनेट वापरत असाल तर ८११ साठी ते सोडा. ते ७२३ अंशांना वितळते, त्याचा कार्बन डायऑक्साइड पूर्ण बाहेर पडायला आणखी उष्णता आणि वेळ लागतो, आणि ८११ ची खिडकी तिथे संपत आलेली असते. १११ आणि ५३२ साठी कार्बोनेट उत्तम आणि स्वस्त.

लिथियमचा हिशेब वजनकाट्यावर चुकतो

मिश्रणातले १.०३ हे प्रमाण कागदावरचे असते. मुशीत नेमके किती पडते ते प्रिकर्सर आणि लिथियम हायड्रॉक्साइड दोन्हींच्या अवस्थेवर ठरते.

कोरड्या, शुद्ध ८११ हायड्रॉक्साइडमध्ये धातूंचे प्रमाण वजनाने ६३.२ टक्के असते. उघड्या डब्यातली पावडर दमट हवेत ओलावा धरते. दोन टक्के ओलावा असेल तर तुम्ही १.०३ समजून प्रत्यक्षात १.०५ टाकत असता, आणि ते जास्तीचे लिथियम पृष्ठभागावर क्षार होऊन बसते. लिथियम हायड्रॉक्साइडच्या बाबतीत दिशा निराळी, परिणाम तोच. मोनोहायड्रेटमध्ये निर्जल हायड्रॉक्साइड ५७.१ टक्के असते. बाटली वारंवार उघडली, कोरड्या हवेत किंवा ओव्हनजवळ राहिली की थोडे पाणी जाते. हवेतला कार्बन डायऑक्साइड बसला की काही भाग कार्बोनेट होतो. दोन्ही बदलांत एका ग्रॅममागचे लिथियम वाढते. नव्या बाटलीची बॅच चांगली आणि अर्ध्या बाटलीनंतर स्लरी घट्ट होऊ लागली, तर संशय बाटलीवर घ्या. प्रत्येक बॅचआधी तिचे टायट्रेशन करा आणि प्रिकर्सरमधला धातूही मोजून ठेवा. दोन्ही मिळून अर्ध्या दिवसाचे काम आहे.

मिसळण्याबद्दल एवढेच: लिथियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक मोठे असतात. ते आधी वेगळे बारीक करून चाळून घ्या. नाहीतर एका कणाशेजारी लिथियमचा ढीग आणि दुसऱ्याजवळ काहीच नाही, अशी स्थिती होते आणि सरासरीत ती दिसत नाही.

भाजल्यावरचे वजन हाही एक फुकटचा साक्षीदार आहे. वरच्या उदाहरणात १४.६८ ग्रॅम मिश्रणातून साधारण १०.५ ते १०.६ ग्रॅम पावडर मिळायला हवी. रिकामी मूस, भरलेली मूस आणि भाजलेली मूस अशी तीन वजने दर वेळी लिहून ठेवा. वजन सतत कमी येत असेल तर ऑक्सिजन शिरला नाही, लिथियम उडाले किंवा मिश्रण ओले होते. वजनाने कारण कळत नाही, पण आज काहीतरी वेगळे घडले हे त्याच दिवशी कळते. कॉइन सेलच्या (नाण्याएवढ्या चाचणी-बॅटरीच्या) निकालाची आठवडाभर वाट पाहावी लागत नाही.

मूसही लिथियम घेते

अॅल्युमिनाची मूस तापलेल्या लिथियमशी अभिक्रिया करून लिथियम अॅल्युमिनेट बनवते. कोरी मूस जास्त लिथियम घेते, वापरलेली कमी. त्यामुळे नव्या मुशीतली पहिली बॅच लिथियमने उपाशी निघू शकते आणि सगळे प्रिकर्सरला दोष देतात. इथे मुशीसकट केलेले वजन फसवे ठरते, कारण मुशीने घेतलेले लिथियम त्या वजनात मोजले जाते. उपाय साधा: नव्या मुशीत आधी टाकाऊ मिश्रण एकदा भाजून घ्या, एका रचनेसाठी एकच मूस ठेवा आणि तिच्यावर क्रमांक घाला. मुशीच्या भिंतीला चिकटलेला पापुद्रा पावडरमध्ये खरवडून मिसळू नका.

तापमान खरे किती

तापमान मोजणारे थर्मोकपल भट्टीच्या नळीच्या बाहेर, तापकाच्या शेजारी असते. पावडर नळीच्या आत असते. दोन्हींत दहा-वीस अंशांचा फरक सहज पडतो आणि मूस मध्यापासून थोडी सरकली तर तो बदलतो. के प्रकारच्या थर्मोकपलची दुसऱ्या वर्गातली मान्य चूकच तापमानाच्या ०.७५ टक्के आहे, म्हणजे ७७५ अंशांना जवळपास सहा अंश. वर्षभर तापून ते आणखी भरकटते.

दुसरे थर्मोकपल मुशीच्या जागी ठेवून भट्टीचा लांबीभर नकाशा काढणे सर्वात बरे. ते उपलब्ध नसेल तर पोटॅशियम क्लोराइड कामाला येते. त्याचा वितळबिंदू ७७० अंश आहे, अगदी आपल्या खिडकीच्या मधोमध. जुन्या लहान मुशीत चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड मुशीच्या नेहमीच्या जागी ठेवा, भट्टी ७६० वर अर्धा तास ठेवून थंड करा आणि पाहा. मग ७७०, मग ७८०. कोणत्या आकड्याला ते वितळून काचेसारखे पसरले, त्यावरून पडद्याची चूक कळते. ही तपासणी स्वतंत्र फेरीत करा आणि नंतर नळी रिकामीच तापवून घ्या, कारण क्लोराइडची वाफ पावडरला नको.

बऱ्याच जणांना या तपासणीत भट्टी बदललेली आढळते: तापक बदलला, थर्मोकपल पुन्हा बसवताना दोन सेंटिमीटर मागे राहिले, नळी नवीन आली. दुरुस्तीनंतरची पहिली बॅच जुन्या प्रोग्रामवर टाकण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.

थंड होतानाही पदार्थ घडत असतो

अंतिम तापमानावर थोडे निकेल नेहमीच +२ असते. तापमान उतरत जाते तसे ते ऑक्सिजन घेऊन +३ कडे येते आणि थर सावरतात. म्हणून भाजणी संपताच सिलिंडर बंद करू नका, ऑक्सिजन २०० अंशांच्या खालीपर्यंत चालू राहू द्या. उतरण सावकाश ठेवा. ५०० ते ७०० अंशांच्या पट्ट्यात तरी मिनिटाला दोन-तीन अंशांपेक्षा घाई नको.

३००-४०० अंशांवर भट्टी उघडून मूस बाहेर काढण्याची सवय अनेक ठिकाणी असते, कारण पुढचा माणूस भट्टीसाठी थांबलेला असतो. गरम पावडर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा तत्काळ घेते. पृष्ठभागावर लिथियम कार्बोनेट आणि त्याखाली निकेल ऑक्साइडसारखा मृत थर तयार होतो. मूस कोमट असतानाच डेसिकेटरमध्ये किंवा ग्लव्हबॉक्सच्या दारात गेली पाहिजे. दळणे आणि चाळणेही कोरड्या हवेत करा. दळताना फुटलेले ताजे पृष्ठभाग सर्वात हावरे असतात.

आणि साठवण: पॉलिथिनच्या पिशवीत महिनाभर राहिलेली ८११ ही भाजलेल्या दिवसाची ८११ नसते. दोन बॅचची तुलना करताना दोघींचे वय सारखे आहे का, हे आधी विचारा.

स्लरी घट्ट होते तेव्हा

उरलेले लिथियम पाण्यात १२ च्या वर पीएच देते. अशा अल्कधर्मी वातावरणात पीव्हीडीएफ या बाइंडरमधून (पावडर धरून ठेवणाऱ्या फ्लोरिनयुक्त पॉलिमरमधून) हायड्रोजन फ्लोराइड सुटते, साखळीत दुहेरी बंध येतात, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि स्लरीचे जेल होते. ओलावा याला वेग देतो. म्हणून त्याच पावडरची स्लरी कोरड्या दिवशी ठीक आणि दमट दिवशी बिघडलेली, असे घडते आणि दोष भट्टीला दिला जातो. पावडर आणि बाइंडर निर्वातात वाळवून, एनएमपीची (स्लरीच्या द्रावकाची) बाटली नवी उघडून एकदा पाहा. तरीही जेल होत असेल तरच भट्टीकडे वळा.

पावडर पाण्याने धुणे हा प्रचलित उपाय आहे. तो कामाचा आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. पाणी पृष्ठभागावरच्या क्षाराबरोबर जाळीतले लिथियमही काढते आणि त्या जागी प्रोटॉन बसतो. अशी धुतलेली पावडर नुसती ओव्हनमध्ये वाळवून सेलमध्ये घातली की क्षमता आणि सायकल दोन्ही घसरतात, कारण प्रोटॉन बसलेला थर गरम झाल्यावर पाणी आणि ऑक्सिजन सोडून निकेल ऑक्साइडकडे झुकतो. धुवायचेच असेल तर पाणी थंड आणि कमी, वेळ काही मिनिटांची, गाळणी वेगवान आणि त्यानंतर ऑक्सिजनमध्ये पुन्हा एक भाजणी. माझा कल मात्र धुण्यापेक्षा लिथियम मुळात का उरले, ते शोधण्याकडे आहे. ऑक्सिजनचा उपास संपला की बऱ्याचदा धुण्याची गरजच राहत नाही.

बिघडलेली बॅच वाचते का?

कोणत्या जातीचा बिघाड आहे यावर ते अवलंबून आहे. ऑक्सिजनच्या उपासाची बॅच सर्वात जास्त वाचते, कारण लिथियम तिथेच शिल्लक आहे. पावडर मोकळी करा, पातळ पसरा आणि मूळ तापमानाच्या वीस-तीस अंश खाली ऑक्सिजनमध्ये काही तास पुन्हा भाजा. (००३) चे गुणोत्तर बरेच सुधारलेले दिसेल. पावडर फार दिवस हवेत पडून कार्बोनेट झाली असेल तर सुधारणा अर्धवट राहते. कमी भाजलेली बॅचही दुसऱ्या भाजणीने मार्गी लागते. लिथियम कमी पडलेल्या बॅचमध्ये मोजून लिथियम हायड्रॉक्साइड मिसळता येते, पण किती, हे धातू आणि लिथियम दोन्ही मोजल्याशिवाय ठरवू नका. अंदाजाने टाकलेले लिथियम म्हणजे पुढची जेल झालेली स्लरी.

जास्त भाजलेली बॅच वाचत नाही. निकेल काही प्रमाणात परत जाग्यावर येते, पण वाढलेले प्राथमिक कण लहान होत नाहीत. मोठे कण असलेले दुय्यम गोळे सायकलमध्ये लवकर तडकतात, लिथियमचा प्रवासही लांबतो. एकस्फटिक कॅथोड (ज्यात प्रत्येक कण हा गोळा नसून एकच मोठा स्फटिक असतो) मुद्दाम जास्त तापमानावर, जास्त लिथियम घालून बनवतात हे खरे. पण त्याची रेसिपी, दळणे आणि दुसरी भाजणी मुळापासून त्यासाठी आखलेली असते. चुकून जास्त भाजलेली पावडर म्हणजे एकस्फटिक पदार्थ नव्हे.

दुसऱ्या भाजणीनंतर कॉइन सेलमध्ये क्षमतेच्या आकड्याबरोबर डीक्यू-डीव्ही आलेखही (व्होल्टेजच्या प्रत्येक बदलामागे किती चार्ज गेला-आला, त्याचा) काढा. ४.२ व्होल्टजवळचे शिखर टोकदार असेल तर थर नीट लागले आहेत. ते बसके आणि पसरट असेल तर निकेल अजून लिथियमच्या थरात आहे, मग पहिल्या सायकलची क्षमता कितीही समाधानकारक दिसो.

यापैकी एकच गोष्ट आज करता येणार असेल, तर एकाच मिश्रणाचे दोन भाग करा. एक भाग नेहमीसारखा मुशीत भरा, दुसरा उथळ मुशीत अर्धा सेंटिमीटर पसरा, दोन्ही एकाच फेरीत भट्टीच्या मध्याजवळ शेजारी ठेवा. पातळ थर चांगला आणि जाड थर वाईट निघाला तर तापमानाला हात लावू नका. दोन्ही सारखेच वाईट निघाले तर पोटॅशियम क्लोराइडची फेरी आणि लिथियमच्या बाटलीचे टायट्रेशन, याच क्रमाने.